बोका सारखा लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूच्या डब्यात) जाऊन बसतोय, बहुतेक पोट साफ होत नाहीये. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

बंड्याची_आई (कोपरखैरणे) · शुक्रवार, रात्री ९:४२

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा बंड्या, बोका, साडेचार वर्षांचा, न्यूटर केलेला (नसबंदी झालीय), पूर्ण घरातला, बाहेर अजिबात जात नाही, वजन सहा किलोच्या वर आहे. काल संध्याकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. सारखा लिटरमध्ये जातो, पाय फाकवून बसतो, कुंथतो, थोडी वाळू उकरतो, बाहेर येतो आणि पाच मिनिटांत परत आत. आज दुपारी तर दोनदा बाथरूमच्या फरशीवर तसाच बसला, जे तो कधीच करत नाही. मधेच एक विचित्र आवाज काढतो, नेहमीचं म्याव नाही, घशातून लांबलचक ओढलेला. आणि सारखा खाली चाटतोय.

एरवी पाऊच फाडल्याचा आवाज आला की कुठूनही धावत येतो, आज मी त्याच्या नाकासमोर वाटी धरली तर वास घेतला आणि तोंड फिरवलं. आता दिवाणाखाली अगदी मागे भिंतीला चिकटून बसलाय.

सासूबाई म्हणतात पोट घट्ट झालंय, बोटभर एरंडेल चाटव, सकाळपर्यंत मोकळा होईल. मिस्टर सेकंड शिफ्टला महापेला आहेत, अकरा वाजतील यायला, बाहेर पाऊस मरणाचा पडतोय आणि आमच्या डॉक्टरांचा दवाखाना नऊलाच बंद होतो. सकाळी दहाला नेलं तर चालेल ना? की आत्ताच काही करायला हवं? प्लीज कोणीतरी सांगा.

घोडबंदर_रोडवाला · रात्री ९:५१

ताई, सकाळची वाट बघू नका, आत्ता न्या. बोका आणि असं वारंवार जाऊन कुंथणं म्हणजे आधी शू तुंबल्याचाच संशय घ्यायचा, पोटाचा नंतर. माझ्या शेरूचं दोन वर्षांपूर्वी डिट्टो असंच झालं होतं, मी पण बद्धकोष्ठच समजलो होतो कारण दोन्ही वेळा मांजर बसतं सारखंच, आपल्याला वरून कळत नाही.

एक काम करा, लिटर बॉक्स उघडून बघा, काल रात्रीपासून शूने वाळूचा गोळा झालाय का एकतरी? एरवी दिवसाला किती गोळे निघतात ते तुम्हाला माहीत असेल. आणि एरंडेल प्लीज देऊ नका.

बंड्याची_आई · रात्री ९:५८

बघितलं. एरवी दोन तीन मोठे गोळे असतात, लिंबाएवढे. आज सगळी वाळू चाळली, एक पण नाही. फक्त कोपऱ्यात वाटाण्याएवढा एक, तो पण थोडा लालसर आहे. देवा. शी परवा रात्री झाली होती, व्यवस्थित. पोटाला हात लावला तर ओरडला आणि हात चावला, आजपर्यंत कधी चावला नाही हो तो.

नेरूळ_क्लिनिकताई · रात्री १०:०४

बंड्याची आई, मी डॉक्टर नाही, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट आहे, आठ वर्षं झाली. हे वाचून लगेच टाईप करतेय. ही इमर्जन्सी आहे. बोक्याची लघवीची नळी टोकाला फार अरुंद असते, तिथे बारीक खडे, क्रिस्टल किंवा चिकट पदार्थाचा बूच बसतो, कधीकधी नुसत्या सुजेने आणि नळी आखडल्याने पण बंद होते. मागे लघवीची पिशवी भरत जाते, किडनीवर उलटा दाब येतो आणि जे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडायला हवं ते रक्तात साठतं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण बंद झालेला बोका २४ ते ४८ तासांत जाऊ शकतो, आणि तुम्ही म्हणताय काल संध्याकाळपासून, म्हणजे एक दिवस उलटून गेलाय. तुम्हाला घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये, रात्री निघायला हवं म्हणून लिहितेय.

निघण्याआधी फोन करा. रात्री चालू असणारी दोन तीन ठिकाणं तुमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला किंवा दाराच्या बोर्डवर असतात, नाहीतर त्यांनाच फोन लावा, बरेच डॉक्टर उचलतात. फोनवर हेच शब्द वापरा, "बोका आहे, न्यूटर्ड, कालपासून शू नाही, कुंथतोय, उलटी झाली किंवा नाही". आणि विचारा की आत्ता डॉक्टर हजर आहेत का आणि कॅथेटर, म्हणजे शू काढायची नळी, घालायची सोय आहे का, कारण पावसात पोहोचल्यावर तिथून दुसरीकडे पाठवलं तर तासभर फुकट जातो.

पोट दाबून शू काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, पिशवी फुटू शकते. सिरिंजने पाणी पाजू नका. माणसांची कुठलीही गोळी नाही, दुखण्याची तर नाहीच. खायला पण आता काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बंड्याची_आई · रात्री १०:०९

आमचे डॉक्टर उचलत नाहीयेत. दुसरा एक नंबर मिळाला, ते आहेत म्हणाले, या म्हणाले. पण मांजर न्यायचं कॅरिअर तुटलंय, तो दिवाणाखालून येत नाहीये आणि रिक्षावाले मांजर बघून नाही म्हणतात

घोडबंदर_रोडवाला · रात्री १०:१२

मोठा टॉवेल घ्या, त्याच्या अंगावर टाका आणि टॉवेलसकट उचला, पंजे आत राहतील. धुण्याची प्लॅस्टिकची जाळीवाली बास्केट असेल ना घरात, त्यात तळाला चादर घालून ठेवा, वरून दुसरी बास्केट उलटी किंवा ताट ठेवून ओढणीने घट्ट बांधा. मी शेरूला असाच नेला होता. अ‍ॅपवरून गाडी बोलवा आणि ड्रायव्हरला फोनवर आधीच सांगून टाका आजारी मांजर आहे, बास्केटमध्ये बांधलंय. सोसायटीत कोणाकडे गाडी असेल तर बेल वाजवा सरळ, अशा वेळी संकोच करू नका.

सानपाडा_सिंबा · रात्री १०:३५

आमच्या सिंबाला पण मागच्या वर्षी असंच झालं होतं, सारखी बसायची आणि थेंब थेंब, दोन दिवस भरपूर पाणी आणि वेट फूड (ओलं खाणं) दिलं तर आपोआप बरी झाली. एवढं टेन्शन घेऊ नका, रात्रीचं पावसात नेऊन मांजर उलट जास्त घाबरतं.

नेरूळ_क्लिनिकताई · रात्री १०:४१

सानपाडा, तुमची सिंबा भाटी आहे ना? मादीची नळी रुंद आणि आखूड असते, ती तुंबणं क्वचित होतं. तिला सूज आली असणार, ती बरेचदा थोड्या दिवसांत उतरते, तरी शूमध्ये रक्त असेल किंवा खाणं बंद असेल तर तिलाही दाखवायलाच हवं. बोक्याच्या बाबतीत हा अनुभव लावू नका प्लीज. "आमच्या मांजराचं आपोआप बरं झालं" हे ऐकून थांबलेले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी येतात आणि तोपर्यंत बोका थंडगार पडलेला असतो, मी माझ्या हातात धरलेत असे.

सानपाडा_सिंबा · रात्री १०:४४

हो भाटी आहे. हा फरक मला खरंच माहीत नव्हता. सॉरी ताई, तुम्ही न्या लगेच.

बंड्याची_आई · शनिवार, पहाटे १:२६

क्लिनिकमध्येच आहोत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली, लुंगीवर होते तसेच आले, ठाणे बेलापूर रोडला पाणी भरलं होतं तरी आणलं. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले पिशवी मोसंबीएवढी आणि दगडासारखी कडक झालीय, पूर्ण ब्लॉक आहे. लगेच रक्त घेतलं, क्रिएटिनिन, ते किडनीचं, खूप वाढलंय, पोटॅशियम पण वाढलंय, सलाईन लावलं, हृदयाचं मशीन लावलं आणि मग भूल देऊन नळी घातली. बाहेर आलेली शू बघितली मी, चहासारखी लाल, आणि खाली पांढरी रेती बसलेली. डॉक्टर म्हणाले सकाळी आणला असता तर सांगता आलं नसतं.

दोन तीन दिवस नळी ठेवून ॲडमिट. मी त्याच्या पिंजऱ्याशी उभी होते तर अर्धवट शुद्धीत पण माझ्या बोटावर डोकं टेकवलं त्याने. तुम्ही सगळ्यांनी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी उत्तर दिलं नसतं तर मी एरंडेल देऊन झोपले असते. अजून काही लिहिता येत नाहीये.

ऐरोलीची_तन्वी · शनिवार, सकाळी ११:१५

रात्रभर हा धागा उघडून बसले होते, बंड्या बरा होऊ दे. माझ्याकडे दोन पिल्लं आहेत, पाच महिन्यांची, पहिल्यांदाच मांजर पाळतेय. मला खरंच कळत नाही आजारी कधी म्हणायचं, कारण ती अशीही दिवसातले पंधरा तास झोपतात. कुठल्या गोष्टीला लगेच पळायचं आणि कुठल्या गोष्टीला एक दिवस बघायचं?

नौपाडा_काका · शनिवार, दुपारी १२:४०

तन्वी, आमच्या घरात सत्तावीस वर्षं मांजरं आहेत, जे कळलं ते चुका करूनच कळलं म्हणून लिहितो. मांजर दुखणं लपवतं. कुत्रा कण्हतो, लंगडतो, पायाशी येऊन पडतो, मांजर फक्त जागा बदलतं. नेहमी खिडकीत बसणारं कपाटात जाऊन बसलं, फ्रीजवर उडी मारणारं आधी खुर्चीवर आणि मग ओट्यावर अशा पायऱ्या करायला लागलं, पाठीवरचे केस चाटायचे सोडून दिले आणि तिथे गुठळ्या झाल्या, हीच त्याची तक्रार. म्हणून आपल्या मांजराचं रोजचं काय आहे ते पाठ पाहिजे. किती खातं, किती पाणी पितं, किती वेळा शू, शी कशी.

आमची सोनी चौदा वर्षांची झाली होती. हिने एकदा म्हटलं, "अहो, हल्ली सोनीचा वाडगा मला दिवसातून दोनदा भरावा लागतो." मी म्हटलं उन्हाळा आहे, पिते बिचारी, चांगलंच आहे. दीड महिन्याने पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक लागले हाताला. किडनी गेली होती. म्हाताऱ्या मांजरात हे फार असतं आणि किडनीचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, जे पहिलं दिसतं ते हेच, जास्त पाणी आणि मोठे गोळे. पाणी वाढलं की मधुमेह पण असू शकतो, आणि खूप खाऊन पण वजन उतरत असेल तर थायरॉईड. सोनी त्यानंतर सव्वा वर्ष जगली, त्वचेखाली सलाईन मी स्वतः द्यायला शिकलो, पण त्या दीड महिन्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला वजन. आधी मी मांजराला घेऊन काट्यावर उभा राहतो, मग एकटा, वजाबाकी वहीत लिहायची. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरले म्हणजे माझे सात किलो उतरल्यासारखं आहे, डोळ्याला दिसत नाही.

आणि एक सांगतो, हे लिहायला जड जातं. १९९९ साली आमच्या मोत्याला हात लावला तर अंग गरम लागलं. मी पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधात कुस्करून दिली, लहान बाळाला देतात मग मांजराला काय होतंय असं वाटलं. मांजराचं नॉर्मल टेंपरेचरच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार, हे मला माहीत नव्हतं. कदाचित त्याला ताप नव्हताच. संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड आणि पंजे सुजले, हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी झाल्या, धाप लागली. परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत गेला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की हे औषध पचवायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, रक्तच ऑक्सिजन वाहायचं सोडतं. क्रोसिन, डोलो, काहीही असो, मांजराला सुरक्षित असा डोसच नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आजी आजोबांना आणि कामवाल्या मावशींना सुद्धा.

नेरूळ_क्लिनिकताई · शनिवार, दुपारी ३:२०

काका, तुमचं वाचून डोळे भरले. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

तन्वी, तुझी पिल्लं आहेत म्हणून आधी तेच. पिल्लाने दोन जेवणं सोडली, उलटी आणि जुलाब सुरू झाले, मलूल पडलं तर एक दिवस पण बघायचं नाही. पॅनल्यूकोपेनिया नावाचा व्हायरस आहे, लस न झालेल्या पिल्लांना बघता बघता नेतो. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तुझ्या पिल्लांच्या झाल्यात का ते कार्ड काढून बघ. राहिल्या असतील तर ह्या आठवड्यात डॉक्टरांना विचार.

मोठ्या मांजराची एखादी उलटी झाली, त्यात केसांचा पुंजका निघाला आणि नंतर ते नेहमीसारखं जेवलं खेळलं तर थांबायला हरकत नाही. एखादी सैल शी, दोन शिंका, पण खाणं चालू, तरी दिवसभर बघू शकतेस. सगळा फरक "खातंय का" ह्यावर आहे. मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन करायचाच, आणि जाड मांजर असेल तर जास्तच लवकर, कारण उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मूळ आजार राहतो बाजूला, लिव्हरच बसतं.

रात्री दोनला पण निघायचं अशा गोष्टी: तोंड उघडून श्वास घेणं, कारण मांजर कुत्र्यासारखं धापा टाकत नाही. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर. मागचे पाय अचानक लुळे पडले आणि पंजे गार लागतात आणि मांजर किंचाळतंय, ती रक्ताची गुठळी असते. झटका, म्हणजे फिट येणं. आणि उंचावरून पडलं असेल तर, वरवर चालताना दिसलं तरी. आमच्याकडे पाम बीच रोडच्या टॉवर्समधून खिडकीतून पडलेली मांजरं दर पावसाळ्यात येतात, कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ती दातांनी कुरतडतात, रोज एकदा कोपरे ओढून बघत जा. संक्रांतीच्या सुमारास मांजा किंवा शिवणाचा दोरा गिळलेली येतात, दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही हं, आत आतडं कापलं जातं. तसंच नेणं.

श्वास मोजायला घरीच शिक. गाढ झोपलेली असताना पोट वर खाली होतं ते एकदा धरायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. तीसच्या आत हवं. सलग तीसच्या वर येत असेल तर दाखवायचं, चाळीसच्या वर तर लगेच.

आणि गुरगुरतंय म्हणजे खुश आहे असं समजू नकोस, दुखत असताना पण मांजरं गुरगुरतात. त्यापेक्षा चेहरा बघ. २०१९ मध्ये माँट्रियलच्या विद्यापीठातल्या लोकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची पट्टी केली, आम्ही क्लिनिकमध्ये वापरतो. कान बाजूला फिरलेले, डोळे बारीक केलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्याच्या खाली. बंड्याच्या आईने "दिवाणाखाली भिंतीला चिकटून" लिहिलं ना, मला तो चेहरा न बघताच दिसला.

ऐरोलीची_तन्वी · शनिवार, दुपारी ३:५२

कार्ड बघितलं, दोघांचा दुसरा डोस राहिलाय, मला वाटलं एकच असतो. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. आणि एकीचे श्वास मोजले, बावीस. दुसरा झोपतच नाहीये.

घोडबंदर_रोडवाला · रविवार, सकाळी ९:३०

बंड्याच्या आई, घरी आणल्यावरचं सांगतो कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिले एक दोन आठवडे परत तुंबायची भीती सगळ्यात जास्त असते. शेरू नवव्या दिवशी परत ब्लॉक झाला होता. दोनदा मिळून पाच आकडी बिल झालं, त्या महिन्याचे हप्ते कसे भरले माझं मला माहीत, पण तो आज माझ्या मांडीवर आहे. ड्राय फूड कमी करून वेट फूडवर आणा, डॉक्टर लघवीचं म्हणून वेगळं खाणं देतील ते मधेच बंद करू नका. पाण्याचे वाडगे तीन चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून लांब. आणि घरात काही बदल झालेत का नुकतेच? पाहुणे, रंगकाम, नवीन बाळ? ताणाने पण होतं हे.

बंड्याची_आई · मंगळवार, रात्री ८:१५

बंड्या काल संध्याकाळी घरी आला. गळ्याला ती कोनची कॉलर आहे, दारांना आपटत फिरतोय. नळी काढूनच घरी पाठवलं, मग काल रात्री शू होईपर्यंत मी आणि सासूबाई दोघी बाथरूमच्या दारात बसून होतो. पावणेतीनला झाली. सासूबाईंनीच आधी बघितलं, मला हलवून म्हणाल्या, "गं, झाली बघ, मोठी झाली."

घोडबंदर दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, मागच्या महिन्यात शेजारच्या फ्लॅटचं तोडफोडीचं काम चालू होतं, दिवसभर ड्रिल. तेव्हापासून तो कमी पाणी पीत होता बहुतेक, मी लक्षच दिलं नाही. लिटर बॉक्स पण तेव्हा त्याच भिंतीला लागून होता. आता आतल्या खोलीत हलवलाय.

सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केलीय, गोळ्याला एक रेघ. आज सकाळपासून तीन रेघा आहेत, तिसरी जरा छोटी, साधारण सुपारीएवढी. नेरूळ ताई, सुपारीएवढी चालेल का, की डॉक्टरांना फोन करू?

नेरूळ_क्लिनिकताई · मंगळवार, रात्री ८:२१

कुंथत नव्हता ना? खाल्लं का संध्याकाळी? दोन्ही ठीक असेल तर रात्री अकराला परत लिटर बघा. तेव्हा नवीन गोळा नसेल आणि तो परत परत जाऊन बसत असेल तर लगेच फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका. मी जागी आहे.

बंड्याची_आई · मंगळवार, रात्री ११:०४

चौथी रेघ. लिंबाएवढी.